संताप आणि भिंतीवरचा तक्ता

गेल्या पावसाळ्यात साठीच्या एक बाई आपल्या २६ वर्षांच्या स्वमग्न मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. "डॉक्टर, ह्याला झोपेची गोळी द्या. वीज गेली, जेवायला उशीर झाला, की स्वतःच्या कानशिलावर बुक्के मारतो."

गोळी लिहिण्याआधी मी कान तपासला. आत मळाचा घट्ट बोळा होता. दुखणे शब्दांत सांगता न येणाऱ्या माणसाचा राग अचानक वाढला, तर कान, दात, बद्धकोष्ठ हे आधी पाहावे. मळ काढला, त्रास कमी झाला. पण थांबला नाही.

उरलेल्या संतापाचे कारण होते, पुढे काय होणार हे न कळणे. आई "शांत हो, शांत हो" म्हणत राहायच्या. संतापलेल्या माणसाच्या डोक्यात बोलणे शिरत नाही, तुमच्या-आमच्याही नाही. शब्द विरून जातो, चित्र समोर टिकते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात एरिक शॉप्लर यांनी उभारलेला 'टीच' हा कार्यक्रम १९७२ पासून असा दृश्य आधार वापरत आला आहे.

आम्ही पुठ्ठ्यावर हिरवा, पिवळा, तांबडा असे तीन पट्टे रंगवले. पिवळा म्हणजे राग चढू लागला. त्यापुढे मी हसरी-रडकी तोंडे चिकटवली होती, ती त्याने ओरबाडून काढली. बरोबरच केले! २६ वर्षांच्या माणसाला बालवाडीत कशाला बसवायचे? मग त्यानेच दोन फोटो निवडले: आपला पितळी पेला आणि घरचा झोपाळा. पाणी प्यायचे, नाहीतर झोके घ्यायचे.

सराव रोज, मन शांत असतानाच करायचा. राग चढू लागला की घरच्यांनी तक्त्याकडे फक्त बोट दाखवायचे, बोलायचे नाही. हे न बोलणेच आईला जड गेले. तक्ता लागला म्हणून फिटच्या किंवा मानसोपचाराच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत.

एक गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. वीज गेल्यावर तक्ता दिसणार कसा? आईनेच शेजारी खिळ्याला बॅटरी टांगली. बुक्के अजूनही अधूनमधून बसतात. पण परवा रात्री वीज गेली तेव्हा त्याने आपणहून बॅटरी लावली, पिवळ्यावर बोट ठेवले आणि पेला मागितला.