नागसेनवनातील मिलिंद महाविद्यालय

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत होता. पदवीसाठी हैद्राबाद गाठावे लागे, आणि उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. खेड्यातल्या अस्पृश्य मुलाला हे दार बंदच होते. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि १९५० साली औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) दुसरे.

नावाचा अर्थ विद्यार्थ्यांनी जरूर समजून घ्यावा. मिलिंद हा ग्रीक राजा. भदंत नागसेनांना त्याने खोचक प्रश्न विचारले. परिसराला उत्तर देणाऱ्या भिक्खूचे नाव, पण महाविद्यालयाला मात्र प्रश्न विचारणाऱ्याचे! ही निवड सहज झालेली नाही, असे आम्हांस वाटते.

प्रारंभी कला व विज्ञान हे विषय होते. पुढे दोन्ही महाविद्यालये वेगळी झाली. वाणिज्य, विधी, अभियांत्रिकी यांची भर पडली. परंतु नुसत्या वर्गखोल्यांनी भागले नसते. गरीब मुलगा शहरात टिकला तो वसतिगृहामुळे. त्याच मुलांनी प्राचार्य म. भि. चिटणीसांचे 'युगयात्रा' नाटक रंगभूमीवर आणले, आणि येथील प्राध्यापक गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने दलित लेखकांना हक्काचे पान दिले.