फळा पुसला तरी : लातूरला निघालेल्या भाचीला कानमंत्र

लेकी, दहावीला बीजगणिताचा पेपर चाळीस गुणांचा होता आणि वर्षभरात प्रकरणं सहा. रेषीय समीकरणांपासून सांख्यिकीपर्यंत बाईंनी सगळं सावकाश, दोन-दोनदा शिकवलं. आता अकरावीला लातूरच्या उद्योग भवन भागात शिकवणी लागली की अख्खं प्रकरण आठवड्यात उरकतं, आणि तू पेनाचं टोपण काढेपर्यंत अर्धा फळा भरलेला असतो. नांदेडला श्यामनगर-भाग्यनगरकडं गेली असतीस तरी हाच वेग सोसावा लागला असता.

हा वेग आजचा नाही. राजर्षी शाहू महाविद्यालयातून लातूर पॅटर्न नावारूपाला आला तेव्हाच्या गोष्टी तीन : पोर्शन लवकर संपवायचा, मग पेपरवर पेपर सोडवायचे, आणि पेपर झाला की चुकलं कुठं ते बसून बघायचं. पहिल्या दोन गोष्टी गावोगावच्या शिकवण्यांनी उचलल्या. तिसरी शिकवणीत फारशी होत नाही, कारण ती मुलानं स्वतःच करायची असते. माझं सगळं सांगणं त्या तिसरीसाठी आहे. आता नीट ऐक, मध्येमध्ये मोबाइल बघू नकोस.

१. तासाच्या आदल्या रात्री पुढच्या प्रकरणाची दोन पानं नुसती वाचून ठेव, कळलं नाही तरी चालेल – सरांच्या तोंडून तेच शब्द आले की ते ओळखीचे वाटतात आणि लिहिताना हात अडत नाही.

२. मराठी शाळेतून आलीस म्हणून बिचकू नकोस. वहीच्या शेवटच्या पानावर वर्गसमीकरणासमोर क्वाड्रॅटिक, बहुपदीसमोर पॉलिनोमिअल असे दोन रकाने कर – गणित तुला येतंच, अडतं ते नावापाशी. दोन-तीन महिन्यांत ते पान उघडायची गरजही उरत नाही.

३. फळ्यावरचं शब्द न् शब्द उतरवत बसू नकोस. प्रश्न, पहिली पायरी आणि जिथं गणितानं वळण घेतलं ती ओळ एवढं पुरे – सगळं उतरवलेलं गणित पाहून आपल्याला ते आलं असं वाटतं, आणि ते वाटणं टेस्टच्या दिवसापर्यंतच टिकतं. पाहिलेलं गणित परक्याचं, सोडवलेलं आपलं.

४. पानाच्या उजवीकडं चार बोटं जागा मोकळी सोड. तास चालू असताना जिथं कळलं नाही तिथं त्या जागेत फुली मार आणि पुढं चल – एका ओळीपाशी थांबून राहिलीस तर पुढची दोन गणितंही हातची जातात.

५. ती फुली त्याच रात्री पुसायची. आधी स्वतः झगड, मग मैत्रिणीला विचार, तरी नाही सुटली तर दुसऱ्या दिवशी सरांना – आठवड्याच्या फुल्या साठल्या की कुठून सुरुवात करावी हेच कळत नाही, आणि मग माणूस वही उघडायचंच टाळतो.

६. शंका विचारायला जाताना हातात वही असू दे आणि आपण कुठवर आलो ते दाखव – ‘सर, हे येत नाही’ म्हटलं की सर अख्खं गणित सोडवून देतात आणि तू मान हलवून परत येतेस. ‘सर, या ओळीवरून ही ओळ कशी आली?’ म्हटलं की नेमकं तेवढंच कळतं, आणि तेवढंच हवं असतं.

७. भरल्या वर्गात हात वर करायला लाज वाटते, मला ठाऊक आहे. मग तास सुटल्यावर दारापाशी उभी राहा – मागं राहिलेल्या लेकराला शिक्षक कधी हाकलत नाहीत, आणि तुझी शंका ऐकायला आणखी दोघी-तिघी थांबतात त्या वेगळ्याच.

८. मेसवरून आल्यावर लगेच नवी शीट हातात घेऊ नकोस. वही मीट, कोरा कागद घे आणि आज शिकलेल्यातली दोन-तीन गणितं न बघता सोडव – हेर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकानं १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवून दिलं की पाठ केलेलं सगळ्यात जास्त विसरतं ते पहिल्या काही तासांत. रात्रीचा तो कोरा कागद नेमका त्या वेळेला आडवा येतो.

९. अडलीस तर वही उघडून फक्त पुढची एक ओळ बघ आणि परत मीट – सगळं बघितलंस की ते वाचन झालं, सोडवणं राहिलं.

आता हाताच्या सवयी सांगते. अकरावीत मार्क जातात ते अवघड गणितात कमी आणि सातवी-आठवीत शिकलेल्या गोष्टींत जास्त. घाईत हात जुन्या चुका करतो.

१०. कंसाबाहेर उणे असेल तर कंस सोडवायची ओळ वेगळी लिही, पुढच्या कामात मिसळू नकोस. −(२क्ष − ५) म्हणजे −२क्ष + ५ – घाईत दुसरं चिन्ह बदलायचं राहून जातं, आणि उत्तर पर्यायांत सापडतंही, कारण पेपर काढणाऱ्याला ही चूक पाठ असते. चिन्ह चुकलं की पाढे बरोबर असून काय उपयोग!

११. (क्ष − ३)² बघितलंस की आधी मधलं पद लिही, मग टोकाची दोन. क्ष² + ९ लिहून मोकळं होणारी हुशार मुलंही मी भरपूर पाहिली – −६क्ष विसरतं ते ज्ञान कमी म्हणून नव्हे, ते मधे असतं म्हणून.

१२. क्ष² = ५क्ष असं आलं तर दोन्हीकडं क्षनं भागू नकोस. सगळं एका बाजूला घे आणि क्ष(क्ष − ५) = ० कर – भागलंस की पाच हातात येतं पण शून्य हे दुसरं उत्तर गुपचूप निघून जातं, आणि गेलं हे कळतही नाही.

१३. वर्गमूळ घालवायला दोन्ही बाजूंचा वर्ग केलास, तर आलेली उत्तरं मूळ समीकरणात घालून बघच. √(क्ष + ६) = क्ष सोडवलं की ३ आणि −२ अशी दोन मिळतात; ३ बसतं, −२ बसत नाही, कारण डावीकडं धन २ येतात आणि उजवीकडं उणे २ – वर्ग केला की उणेपण पुसलं जातं, म्हणून परकं उत्तरही आपलं म्हणून उभं राहतं.

१४. वर्गसमीकरणाचं सूत्र पाठ कर, पण आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या हातानं काढ. २क्ष² + ५क्ष − ३ = ० घे. दहावीच्या पूर्ण वर्ग पद्धतीत आधी दोननं भागायचं आणि मग अपूर्णांकांशी झुंजायचं. श्रीधराचार्यांची जुनी रीत त्याहून सोयीची आहे : पहिल्या सहगुणकाच्या चौपटीनं, म्हणजे आठनं, सगळं गुण. १६क्ष² + ४०क्ष = २४ झालं. दोन्हीकडं मधल्या सहगुणकाचा वर्ग, २५, मिळव. डावीकडं (४क्ष + ५)², उजवीकडं ४९. म्हणजे ४क्ष + ५ हे ७ किंवा −७, आणि क्ष १/२ किंवा −३. एकही अपूर्णांक वाटेत आला नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ ग्रंथात ही रीत श्रीधराचार्यांचं नाव घेऊन दिली आहे – पाठ केलेलं सूत्र परीक्षेच्या ताणात विसरलं तरी काढलेलं सूत्र परत काढता येतं. शिवाय आपण वापरतो ते कुणी दिलं हे ठाऊक असलं की गणिताची भीती थोडी कमी होते, असा माझा अनुभव आहे.

१५. ज्या मैत्रिणी डॉक्टरकीला लागल्या आहेत त्यांनाही हे सांग. नीटला गणिताचा पेपर नसतो म्हणून त्यांनी बीजगणित सोडू नये – फिजिक्सच्या निम्म्या अडचणी म्हणजे समीकरणात हवी ती राशी एकटी करता न येणं.

आता चुकांची वही. बाकी सगळं विसरलीस तरी हे विसरू नकोस.

१६. शंभर पानी साधी वही घे आणि दर टेस्टनंतर त्याच दिवशी चुकलेलं प्रत्येक गणित तिच्यात लिही. डावीकडं आपण काय केलं, उजवीकडं काय करायला हवं होतं – दुसऱ्या दिवशी ‘मी असं का केलं’ हे आठवत नाही, आणि ते आठवलं नाही तर बरोबर उत्तर लिहून काहीच मिळत नाही.

१७. प्रत्येक चुकीसमोर एकच शब्द लिही : चिन्ह, सूत्र, रीत, वाचन की वेळ. ‘सिली मिस्टेक’ असं लिहायचं नाही – त्या नावाखाली सगळ्या चुका जमा होतात आणि एकीचंही औषध मिळत नाही. ‘चिन्ह’ म्हणजे हात घाईत आहे, ओळी वाढव. ‘सूत्र’ म्हणजे पाठांतर कच्चं, सकाळी दहा मिनिटं दे. ‘वाचन’ म्हणजे धन पूर्णांक विचारले होते आणि तू सगळे मोजलेस. प्रश्नातल्या अटीखाली रेघ मार. ‘वेळ’ म्हणजे एकाच प्रश्नाला चिकटलीस. आणि ‘रीत’ म्हणजे सूत्र येत होतं पण कोणतं लावायचं ते सुचलं नाही. ही सगळ्यात मोठी चूक, तिच्याबद्दल पुढं सांगते.

१८. महिनाअखेरीला ते शब्द मोज. ज्याची संख्या जास्त त्याच्यावरच पुढचा महिना घाल – सगळं सुधारायला निघालेली मुलगी आठवडाभरात दमते, एक गोष्ट धरलेली पुढं सरकते.

१९. बरोबर आलेल्या उत्तरांतही जे अंदाजानं आलं त्यावर टिंब दे – नशिबानं मिळालेला मार्क पुढच्या वेळी मिळेलच असं नाही, आणि यादीत तो खऱ्या मार्कासारखाच दिसतो.

२०. ‘रीत’ सुचत नसेल तर सराव मिसळून कर. आजच्या प्रकरणाची चार गणितं, मागच्या महिन्यातली तीन, त्याआधीची दोन, सगळी उलटसुलट – एका प्रकरणाची वीस गणितं ओळीनं केली की रीत आधीच ठाऊक असते, डोकं लावावं लागत नाही. परीक्षेत कोणत्याही प्रश्नावर प्रकरणाचं नाव लिहिलेलं नसतं. ओळीनं सोडवलं ते हाताला येतं, मिसळून सोडवलं ते डोक्याला.

२१. असा सराव केला की मार्क सुरुवातीला कमी दिसतात, तेव्हा घाबरून जुन्या वाटेला जाऊ नकोस – आत्ता जड जातंय ते रीत निवडणं, आणि नेमकं तेच तुला शिकायचं आहे.

२२. सीईटीला गणिताचे ५० प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला १०८ सेकंद. पण हा हिशेब पहिल्या सहा महिन्यांत लावू नकोस – आधी बरोबर, मग भरभर. उलटं केलंस तर चुकाच भरभर होतात.

२३. घड्याळ लावायची वेळ आली की तीन फेऱ्यांत पेपर सोडव : येणारं, येईलसं वाटणारं, उरलेलं. सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत, तिथं एकही प्रश्न कोरा ठेवू नकोस. जेईई मेनला चुकीमागं एक गुण जातो, तिथं हात आवर – दोन्ही परीक्षांना एकच सवय घेऊन गेलीस तर एकीत नक्की तोटा.

२४. अकरावीचा पोर्शन झाला की बाजूला टाकू नकोस. सीईटीत अकरावीवर साधारण वीस टक्के प्रश्न असतात – आणि बारावीत ‘हे तुम्हाला येतच असेल’ म्हणून सर जे ओलांडून जातात ते सगळं अकरावीचंच असतं.

२५. रूमवरच्या मैत्रिणीला रोज एक गणित तोंडी समजावून सांग, कागद न घेता – बोलताना जिथं अडखळतेस तिथंच तुझं कच्चं आहे. तीही तुला सांगेल. रूममध्ये दोघींचं भाडं अर्धं होतं तसं शंकांचंही होतं.

२६. टेस्टची यादी ग्रुपवर आली की आपला नंबर बघ आणि चुकांची वही उघड, दुसऱ्यांची नावं वर-खाली करत बसू नकोस – त्यांच्या चुका तुझ्या वहीत येणार नाहीत आणि तुझ्या त्यांच्या.

२७. रात्री बाराच्या पुढं बीजगणित करू नकोस. जागायचंच असेल तर दुसरं काही वाच – झोपाळलेला हात पहिली गडबड चिन्हातच करतो, आणि सकाळी सातची बॅच कुणासाठी थांबत नाही.

२८. गावाकडून एसटीनं डबा आला की आधी जेव, मग गणित. आईनं पहाटे उठून भाकरी केलेल्या असतात, त्या गार करून खाऊ नकोस – आणि उपाशीपोटी गुणाकारही चुकतो.

२९. बॅच फारच पुढं पळतेय असं सलग काही आठवडे वाटलं, तर सावकाश चालणारी बॅच माग. त्यात कमीपणा नाही – वरच्या बॅचमध्ये बसून निम्मं सुटण्यापेक्षा खालच्या बॅचमध्ये सगळं कळलेलं बरं, परीक्षेत बॅचचं नाव कुणी विचारत नाही.

३०. झोप लागेना, जेवण जाईना, वही समोर घेतली की रडू येतंय, असं झालं तर त्याच दिवशी फोन कर. आईला सांगायचा धीर होत नसेल तर मला सांग, मी पुढची गाडी पकडते – हे मार्कांचं दुखणं नाही आणि एकटीनं सोसायचंही नाही. तू आम्हाला कुठल्याही परसेंटाइलपेक्षा जास्त हवी आहेस, हे मी अगदी स्पष्ट सांगून ठेवते.

३१. दिवाळीला येताना पेटीभर पुस्तकं आणू नकोस, चुकांची वही आणि कोरे कागद एवढंच आण – पुस्तकं तशीच बांधलेली परत जातात, वही मात्र फराळाच्या गडबडीतही चार दिवसांत दोनदा चाळून होते. आणि निलंग्याच्या गाडीला गर्दी असते, जागा मिळाली तर ठीक, नाहीतर उभ्यानं यावं लागेल. हात मोकळा हवा.