एमसीबी आहे, मग शॉक का बसतो?

ताईंनो, हा प्रश्न बैठकीत हमखास येतो. खरं सांगायचं तर एमसीबी माणसासाठी नसतोच, तो वायर वाचवतो. १६ अँपिअरचा एमसीबी शॉर्ट झाल्यावर किंवा लोड फार वाढल्यावरच पडतो. माणसाचा जीव जायला त्याच्या शेकडो पट कमी करंट पुरतो.

माणसासाठी आरसीसीबी लागतो. अंगातून जमिनीत करंट जायला लागला की घरातला आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या आतच लाईट तोडतो. त्यावरचं टेस्टचं बटण लाईट असताना महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला नाही तर वायरमनला बोलवा. अर्थिंगही तपासून घ्या.

आणि बादलीत हीटरचा रॉड चालू असताना पाणी तापलं का बघायला बोट घालतो ना आपण? आधी बटण बंद, मग प्लग काढायचा, मगच बोट.

कोणी चिकटलंच तर हात लावू नका, ओढायला गेलेली बाईही चिकटते. आधी मेन स्विच बंद. तो बऱ्याच घरांत इतका उंच असतो की आपला हात पोचत नाही. खाली स्टूल ठेवा, सासूबाईंना नि पोरांना दाखवून ठेवा. मेन बंद करता येत नसेल तरच कोरड्या लाकडी काठीने ढकला. मग १०८ ला फोन. रस्त्यावर तुटून पडलेल्या तारेला मात्र काठीही नको. लांब राहा, १९१२ ला कळवा.

पुढच्या बैठकीत आरसीसीबी नसलेल्यांची नावं घेऊ, वायरमन एकाच दिवशी बोलवू.