आजीला बाराखडी शिकवायला कोणती पदवी लागते?

प्रश्न : मी बी.ए. झाले आहे, डी.एल.एड. नाही. गल्लीतल्या चार-पाच बायकांना लिहा-वाचायला शिकवावं असं मनात आहे. घरचे म्हणतात, ‘तू काय मास्तरीण आहेस का?’ मोठ्या माणसांना शिकवणाऱ्यासाठी सरकारने काही पात्रता ठरवली आहे का?
– एक वाचक, कोल्हार (ता. राहाता)

उत्तर : नाही. पहिलीतल्या पोराला बाराखडी शिकवायची तर डी.एल.एड. आणि टीईटी हवी. शिक्षणहक्क कायद्याखाली 2010 पासून तसा नियम आहे. तीच बाराखडी त्या पोराच्या आजीला शिकवायला अशी कुठलीही परीक्षा द्यावी लागत नाही. 2022 साली सुरू झालेला केंद्राचा ‘उल्लास – नव भारत साक्षरता कार्यक्रम’ 15 वर्षांवरच्या निरक्षरांसाठी आहे आणि तो सगळा स्वयंसेवकांच्या जिवावर चालतो. विद्यार्थी, गृहिणी, निवृत्त माणसं, कोणीही चालतं. मानधन नाही.

पण मोठ्यांना दुसरं काही शिकवायचं म्हटलं की सरकार लगेच कागद मागतं. ड्रायव्हिंग स्कूलमधल्या प्रशिक्षकाचंच घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे तो दहावी पास हवा, पाच वर्षं गाडी चालवलेली हवी, वर मोटार मेकॅनिकच्या कोर्सचं प्रमाणपत्र हवं. तुमच्याजवळ बाभळेश्वरला कृषी विज्ञान केंद्र आहे. अशा केंद्रात विषयतज्ज्ञ म्हणून शेतकऱ्यांना शिकवायचं तर त्या विषयातली पदव्युत्तर पदवी लागते. गाडी कोणाच्या अंगावर गेली किंवा डाळिंबावर तेल्या पसरला तर नुकसान डोळ्यांना दिसतं. बाई चौथ्या दिवशी वर्ग सोडून गेली तर त्याचा पंचनामा कोणी करत नाही. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे.

हे काम नुसत्या सेवेवर सोडणं आजचं नाही. 2 ऑक्टोबर 1978 ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा साधारण तीस जणांचं एक केंद्र आणि ते चालवणाऱ्याला महिना 50 रुपये असा हिशेब होता. त्याच्याही आधी, 1855 मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. ते काम सेवेचं होतं, पण तयारीशिवायचं नव्हतं: सावित्रीबाईंनी नगरला मिशनरी शिक्षिका फॅरारबाईंकडे शिकवण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं चरित्रकार सांगतात. आपण त्यांची सेवा तेवढी उचलली, प्रशिक्षण राहून गेलं.

मग पदवीची सक्ती करावी का? इंग्लंडने तेही करून पाहिलं. शालेय वयानंतरच्या सरकारी शिक्षणसंस्थांत शिकवणाऱ्यांना 2007 मध्ये कायद्याने पात्रता बंधनकारक केली आणि 2013 मध्ये ती मागे घेतली. आपल्याकडे सक्ती आली तर तुमच्यासारख्याच आधी बाहेर पडतील, म्हणून मी सक्तीच्या बाजूने नाही. मात्र चांगलं प्रशिक्षण आणि त्या दिवसांचे पैसे, हे दोन्ही मागायलाच हवं.

कारण हे काम वेगळं आहे. पन्नाशीची बाई पुस्तक हातभर लांब धरते. तिला अक्षर येत नसतं असं नाही, दिसत नसतं. आधी चष्म्याचं बघा. आयुष्यभर खुरपं धरलेल्या हातात पेन्सिल दिली की ती इतकी दाबून धरली जाते की टोक मोडतं. पहिले काही दिवस पाटी आणि जाड खडू बरा. आकड्यांत मात्र ती तुम्हाला ऐकणार नाही. आठवड्याच्या मजुरीतून उचल वजा करून हातात किती पडणार, हे ती तुमच्या आधी सांगेल. तेव्हा बेरीज शिकवू नका, तिला तोंडी येते ती बेरीज कागदावर कशी मांडायची तेवढंच दाखवा. ‘अ अननसाचा’ तर मुळीच नको. तिचं स्वतःचं नाव, मग एसटीच्या पाट्यांवरचं ‘कोल्हार’, ‘लोणी’, ‘शिर्डी’, मग रेशन कार्ड. चुकली तर सुनेसमोर दुरुस्त करू नका. दुसऱ्या दिवशी ती येणार नाही, आणि कारण म्हणून गुडघेदुखी सांगेल.

आता करायचं काय? जवळच्या जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापकांना भेटा. ‘उल्लास’ची नोंदणी शाळेमार्फत होते. तुमची आणि त्या बायकांची नावं घाला, प्रशिक्षण आणि वाचनसाहित्य मागून घ्या. शेवटी त्यांची 150 गुणांची चाचणी असते: वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी 50. ऊसतोडीच्या किंवा कांदा लागवडीच्या दिवसांत वर्ग ओस पडेल, ते धरूनच चाला. या विषयात पुढे शिकायचं असेल तर इग्नूची प्रौढ शिक्षणातली एम.ए. आहे. पण घरच्यांना एक आधीच सांगून ठेवा: पाच बायका साक्षर केल्यात तरी उद्या पहिलीच्या वर्गावर नोकरी मागायला गेलात, तर तिथे डी.एल.एड. आणि टीईटीच विचारतील.