कसोटीची कसोटी

सोन्याचा कस पाहण्यासाठी सराफ कसोटीचा दगड वापरतो. पण तो दगडच सदोष असेल तर? संगणकाच्या आज्ञावलीची तपासणी करतानाही हाच प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर या पाठात पाहू.

समजा, दिल्लीतील मयूर विहारात राहणारी एक मराठी गृहिणी घर सांभाळून मुक्त विद्यालयाची माध्यमिक परीक्षा देत आहे. एका विषयात उत्तीर्ण होण्यास शंभरपैकी किमान ३३ गुण हवेत आणि तिला नेमके तेवढेच मिळाले आहेत. निकालाच्या आज्ञावलीत ‘३३ किंवा अधिक’ याऐवजी ‘३३ हून अधिक’ असे लिहिले गेले, तर ती अनुत्तीर्ण ठरेल. तपासणाऱ्याने केवळ ७० आणि २० हे गुण घालून पाहिले असतील, तर दोन्ही निकाल बरोबर येतील व चूक झाकलेलीच राहील.

अशी दुबळी तपासणी ओळखण्याच्या पद्धतीला उत्परिवर्तन चाचणी, अर्थात म्यूटेशन टेस्टिंग म्हणतात. रिचर्ड लिप्टन यांनी १९७१ मध्ये ही कल्पना मांडली. १९७८ मध्ये डीमिलो, लिप्टन व सेवर्ड यांच्या लेखाने ती सर्वांपुढे आली. या पद्धतीत आज्ञावलीच्या प्रतीत जाणूनबुजून एक लहानसा बदल करतात आणि तिच्यावर पूर्वीचीच तपासणी चालवतात. तपासणीला चूक आढळली, तर बदल पकडला गेला. न आढळल्यास तपासणीत उणीव असू शकते. वरील उदाहरणात ३३ हा आकडा घालताच चूक उघडी पडते.

नवे बदल कसे योजावेत? अधिकच्या जागी उणे, ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ हे बदल रूढ आहेत. परंतु प्रत्येक क्षेत्रातील चुका निराळ्या असतात. म्हणून माणसे प्रत्यक्षात कोणत्या चुका करतात, हे प्रथम पाहावे. गैरहजर विद्यार्थ्याला शून्य गुण मिळाले असे मानणे किंवा आधीच्या परीक्षेत सुटलेला विषय न मोजणे, अशा चुकांवरून नवे बदल सुचतात. बदल लहान असावा. आज्ञावलीच बंद पाडणारा बदल कोणतीही तपासणी पकडते; त्यातून काही शिकता येत नाही. तसेच त्याने अर्थ खरोखर पालटला पाहिजे. गुण पूर्णांकात असतील, तर ‘३३ किंवा अधिक’ आणि ‘३२ हून अधिक’ यांत फरक नाही. तो बदल कोणीच पकडू शकणार नाही. मात्र अर्धा गुण देण्याची पद्धत असेल, तर ३२.५ गुणांवर दोन्हींचे निकाल वेगळे येतील. म्हणजेच बदल योजणाऱ्याला त्या क्षेत्राचे नियम नीट ठाऊक असावे लागतात.

मोठ्या फरकाने उत्तीर्ण होणाऱ्याला ढिली तपासणी चालून जाते. काठावर उभ्या असलेल्याला मात्र चोख तपासणीच न्याय देते.

पाठगत प्रश्न
१. ७० आणि २० या गुणांनी चूक का सापडली नाही?
२. ‘१८ वर्षे पूर्ण झालेल्यास मतदानाचा अधिकार’ या नियमासाठी एक बदल योजा आणि तो पकडणारे वय लिहा.