सकाळची खिचडी

मे महिन्यातलं जळगाव. रात्रीचे सव्वानऊ वाजलेत, पण ओट्याची फरशी अजून हाताला गरम लागते. महाबळ भागातल्या एका फ्लॅटमध्ये कुकरचं झाकण उघडतं. आत खिचडी आहे, सकाळी साडेसहाला लावलेली. वरून लसूण-मिरचीची फोडणी पडते, चर्र आवाज होतो, पापड भाजले जातात. दहा वर्षांचा मुलगा दोनदा वाढून घेतो. साडेअकराला त्याला पहिली उलटी होते. पहाटे चारपर्यंत सात होतात, आणि आठव्या वेळी पोटातून नुसतं पिवळं पाणी येतं.

ही गोष्ट ज्या आईची आहे, तीच ती लिहिते आहे. ‘मी’ म्हणायला लागलं की कारणं सुचतात, सबबी सुचतात. म्हणून या लेखापुरती ती ‘ती’ आहे. जरा लांबून पाहिलं की आपलाच ओटा नीट दिसतो.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो नेहमीचाच. बाहेरचं काय खाल्लं? तिनं जवळजवळ अभिमानानं सांगितलं, बाहेरचं काही नाही, आमच्याकडे सगळं घरचंच असतं. कचोरी नाही, गाड्यावरचा बर्फगोळा नाही. साधी खिचडी. डॉक्टरांनी मान हलवली आणि दुसरा प्रश्न विचारला. शिजवली कधी होती?

तिनं मनात तास मोजले. जवळजवळ पंधरा.

नेमकं कशानं झालं हे अन्न तपासल्याशिवाय छातीठोकपणे सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण खाल्ल्यावर दोनेक तासांत सुरू झालेल्या उलट्या आणि दिवसभर उकाड्यात राहिलेला भात, या दोन गोष्टी एकत्र आल्या की संशय कुठे जातो तेही त्यांनी सांगितलं. एक सलाईन, एक रात्र आणि मुलाच्या हाताला लावलेली ती पट्टी. एवढ्यावर निभावलं.

फोडणीनं विष मरत नाही

‘पुन्हा चांगलं उकळलं की झालं’ हे तिच्या स्वयंपाकघरातलं न बोललेलं सूत्र होतं. बहुतेक घरांत ते असतंच. भाताच्या बाबतीत ते लागू पडत नाही.

तांदळात ‘बॅसिलस सिरियस’ नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. हे बीजाणू म्हणजे जिवाणूनं अंगावर चढवलेलं चिलखत. साध्या उकळण्यानं ते मरत नाहीत. भात शिजला, मग कोमट झाला आणि तसाच राहिला, की चिलखत उतरवून ते वाढायला लागतात. त्यातले काही प्रकार वाढताना एक विष तयार करतात, आणि ते उष्णतेला दाद देत नाही. रात्री कडकडीत फोडणी दिली तर जिवाणू मरतील, विष तिथंच राहील. त्यानं होणाऱ्या उलट्या साधारण एक ते सहा तासांत सुरू होतात. याच जिवाणूमुळे होणारे जुलाब मात्र उशिरा, सहा ते पंधरा तासांनी लागतात. वास येत नाही, चव बिघडत नाही, तार सुटत नाही. ‘वास घेऊन बघ’ ही आपली परीक्षा इथं नापास होते.

बहुतेक वेळा दुखणं दिवसभरात आवरतं. नेहमीच नाही. २००८ साली ब्रसेल्समध्ये एका वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं पाच दिवस बाहेरच राहिलेली स्पॅगेटी गरम करून खाल्ली आणि तो दगावला. तो पदार्थही घरीच शिजवलेला होता, आणि गाव आपल्यापेक्षा कितीतरी थंड होतं.

आपल्या देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण ५ ते ६० अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा मानतं. अन्न एकतर त्याच्या वर, वाफाळत ठेवायचं किंवा त्याच्या खाली, फ्रिजमध्ये. मधल्या पट्ट्यात शिजवलेलं अन्न दोन तासांहून जास्त राहू नये, आणि हवाच ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा अमेरिकेच्या शेती खात्याचा सल्ला आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. म्हणजे हा नियम खानदेशात आणायचा तर अर्धं वर्ष दोन तास विसरायचे आणि एकच धरायचा. तिच्या कुकरला पंधरा मिळाले होते.

पंधरा तास आले कुठून?

हिशेब करायला बसल्यावर तिला कळलं की प्रश्न खिचडीचा नव्हताच. खिचडीला वेळ लागतो किती? डाळ-तांदूळ धुण्यापासून वाफ जिरेपर्यंत अर्धा तास. मग ती सकाळी साडेसहाला का शिजत होती? कारण घरची आई रात्री साडेआठला कामावरून परतायची, आणि त्याआधी घरात कुकर लावणारं कुणी नव्हतं. म्हणजे माणसं होती. नवरा सातला घरी यायचा, चहा करून घ्यायचा, टीव्ही लावायचा. तेरा वर्षांची मुलगी साडेसहाला क्लासवरून आलेली असायची. कुकर लावणं हे त्यांचं काम असू शकतं, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. खरं सांगायचं तर तिच्याही आलं नव्हतं. ‘माझ्या घरात रात्रीचं जेवण सकाळीच तयार असतं’ हे वाक्य ती ऑफिसात कौतुकानं सांगायची.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो असं आढळलं. जे पुरुष घरकाम करतात, त्यांची मिनिटं ९७. पुढचं सर्वेक्षण २०२४ चं. त्यात बायकांची २८९ झाली आणि पुरुषांची ८८. दोघांचाही आकडा खाली आला, अंतर जवळजवळ तेवढंच राहिलं. आकड्यांमध्ये कुकर दिसत नाही, पण सकाळी साडेसहाला लागणाऱ्या अशा कुकरमागे हीच मिनिटं असतात.

आईचा प्रश्न

मुलगा घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी धुळ्याहून, देवपुरातून तिची आई आली. एरंडोल-पारोळ्याच्या वाटेनं एसटीतून आलेली, घामानं डबडबलेली. पाणी प्यायली, नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. पातेल्यावरचं झाकण उचलून तिनं विचारलं, “हाऊ भात सकायना शे ना वं?”

सकाळचा नव्हता, तो ताजाच होता. तरी लेकीच्या पोटात गोळा आला.

आईला बॅसिलस सिरियस माहीत नाही. पण धुळ्याच्या उन्हाळ्यात पाच माणसांचा स्वयंपाक तिनं फ्रिज येण्याआधी वर्षानुवर्षं केलेला आहे. त्या दुपारी दोघी पापड निवडत बसल्या आणि बोलता बोलता लेकीला एक गोष्ट उलगडली. ज्या उन्हानं तिची खिचडी बिघडवली, त्याच उन्हात शेजारच्या गच्चीवर कुरडया आणि ज्वारीचे बिबडे वाळत होते, आणि ते वर्षभर टिकणार होते. दोन्ही शिजवलेलं धान्यच. फरक पाण्याचा. उन्हानं पाणी काढून घेतलं की अन्न टिकतं, पाणी ठेवून नुसती ऊब दिली की ते नासतं.

खानदेशी जेवणाची अख्खी मांडणी या एका फरकावर उभी आहे, हे तिला चाळिशीत समजलं. शेतावर नेण्याच्या फडक्यात काय असतं? कळण्याची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कांदा. रस्सा नसतो, भात नसतो. शेवभाजी घ्या. तिखट शेव डब्यात कित्येक दिवस राहते, काळा मसाला वर्षाचा करून ठेवलेला असतो, रस्सा जेवायच्या आधी होतो आणि शेव पडते ती अगदी ताटात वाढताना. वरण-बट्टीचं तेच. गहू-मक्याचं जाडसर पीठ डब्यात तयार असतं, बट्ट्या त्या दिवशी वाफवून तळायच्या आणि वरण त्या वेळचं. भरीत ओलं, म्हणून तर भरताची पार्टी शेतातच होते. वांगी भाजली, ठेचली, फोडणी दिली आणि कळण्याच्या पुरीबरोबर तिथल्या तिथं संपवली. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते भरीत दुसऱ्या दिवशीच्या डब्यात न्यावं असं कुणी जुनं माणूस सांगणार नाही.

कोरडं आधी, ओलं वेळेवर. आईच्या पिढीनं हा नियम कधी म्हणून दाखवला नाही, कारण तो पाळण्यासाठी घरात सतत कुणीतरी बाई असायची. लेक कामाला गेली, बाई घरात राहिली नाही, आणि नियमही तिच्याबरोबरच बाहेर पडला.

आता त्या घरात काय चालतं

रविवारी ती अजूनही आठवड्याची तयारी करते. फक्त यादी बदलली आहे. शिजवलेल्या भाज्या गेल्या. त्यांच्या जागी शेंगदाण्याचं कूट, सुकं खोबरं भाजून केलेला मसाला, निवडलेली मेथी, सोललेला लसूण, कळण्याचं पीठ आलं. भाजलेल्या कांद्याचं वाटण ओलं, म्हणून ते छोट्या डब्यांत थेट बर्फाच्या कप्प्यात. एका वेळी एकच डबा बाहेर येतो आणि परत आत जात नाही.

रात्रीच्या खिचडीचे डाळ-तांदूळ सकाळी मोजून एका डब्यात कोरडेच ठेवलेले असतात. सकाळी भिजत घालून जाणं बंद, कारण या उकाड्यात भिजलेली डाळसुद्धा संध्याकाळपर्यंत आंबते. साडेसातला नवरा ते धुतो, पाणी घालतो, कुकर लावतो. पहिल्या आठवड्यात एकदा पाणी कमी पडून खिचडी करपली. ती काही बोलली नाही, आणि तिला ते फार जड गेलं. ज्यांच्या घरी ही वाटणी अजून व्हायची आहे त्यांच्यासाठी एवढंच, की करपलेली खिचडी दवाखान्यापेक्षा स्वस्त पडते.

अन्न उरलंच तर ते कुकरमध्ये राहत नाही. खोल भांड्यात भाताचा मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, आणि वाढणाऱ्या जिवाणूंना नेमकं तेच हवं असतं. म्हणून भात परातीत पातळ पसरायचा, वर जाळी, पंखा सुरू. वाफ गेली की उथळ डब्यात भरून तासाच्या आत फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी तो संपवायचा, एकदाच आणि मधोमध वाफ येईपर्यंत गरम करून. वीज गेली तर फ्रिजचं दार उघडायचं नाही. बंद फ्रिज साधारण चार तास गारवा धरून ठेवतो. त्यापुढे वीज आली नाही तर आतला भात, वरण, दूध यांच्याशी भावनिक व्हायचं नाही.

शाळेच्या डब्याला सकाळी सात ते मधल्या सुट्टीपर्यंत साडेपाच तास उकाड्यात काढायचे असतात. त्यामुळे उन्हाळ्यात दहीभात, पनीर, उकडलेला बटाटा हे डब्यातून बाद. पोळी-चटणी, कोरडी भाजी, भाजलेले दाणे, आणि सालासकट केळं. रावेर-यावलच्या केळीचा जिल्हा असून मुलाच्या डब्यात केळं नसायचं, याची तिला आता गंमत वाटते.

उलट्या सुरू झाल्याच तर

त्या रात्री तिनं आणखी एक चूक केली होती. मुलगा पाणी मागत होता आणि प्यायला की उलटी होते म्हणून तिनं पाणीच थांबवलं. हे उलटं आहे. उलटीनंतर दहा मिनिटं थांबायचं आणि मग चमच्याचमच्यानं, सावकाश, ओआरएस द्यायचं. मीठ आणि साखर योग्य मापात एकत्र गेली की आतडं पाणी ओढून घेतं. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांतून हेच पाणी वाटलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. त्यांना पद्मविभूषण जाहीर झालं २०२३ मध्ये, मृत्यूनंतर.

ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. माप अंदाजानं नाही, मोजून. पुडी असेल तर तिच्यावर लिहिलेलं पाणी पूर्ण घालायचं, आणि केलेलं द्रावण चोवीस तासांनी फेकायचं. औषधाच्या दुकानात मिळणारं प्रत्येक गोड, रंगीत पेय म्हणजे ओआरएस नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं मनाई केली.

मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, शौचातून रक्त आलं, किंवा चमचाभर पाणीही पोटात ठरेना, तर घरचे उपाय थांबवून निघायचं. तिनं पहाटेपर्यंत वाट पाहिली होती, ‘रात्री कुठे त्रास द्यायचा’ म्हणून.

चिकटपट्टी

घरातल्या डब्यांवर आता कागदी चिकटपट्टी असते, आणि तिच्यावर वेळ. हे काम मुलानं स्वतःहून घेतलं. ‘वरण, ८.१०’. ‘भात, ८.४०’. अक्षर तिरकं, पण आकडा ठळक.

आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, सगळे धुळ्याला गेले होते. आमरस, पुरणपोळी, झोका, भरलेलं घर. संध्याकाळी मामीनं दुपारचा भात गरम करायला घेतला, तेव्हा मुलगा ओट्यापाशी जाऊन उभा राहिला आणि सगळ्यांसमोर विचारता झाला, “मामी, हा किती वाजताचा?” स्वयंपाकघर क्षणभर गप्प झालं. त्याच्या आईला कुठे तोंड लपवावं कळेना. आजी आधी खो खो हसली. मग उठली, पातेलं हातात घेतलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बोटं मोजू लागली.