घंटा थांबल्यानंतर : महाविद्यालयीन अभ्यासातील अनुत्साहाविषयी

आपल्या वसतिगृहात पहाटे पाच वाजता घंटा होते. मग वंदना, न्याहारी, शाळा, खेळ, सायंकाळची अभ्यासिका आणि रात्री दहा वाजता दिवे मालवणे. माजी विद्यार्थी आज या घंटेची आठवण मोठ्या जिव्हाळ्याने काढतात. ती प्रत्यक्ष वाजत असताना तिच्याविषयी इतके गोड बोललेले कोणी आम्हांस आठवत नाही, ही गोष्ट वेगळी!

या घंटेने अनेकांना घडविले, हे खरे. परंतु गेली काही वर्षे एक गोष्ट आम्हांस अस्वस्थ करीत आहे. येथे नियमितपणे अभ्यास करणारी आणि दहावी-बारावीस उत्तम गुण मिळविणारी आपली काही मुले-मुली शहरातील महाविद्यालयात गेल्यावर वर्ष-दीड वर्षातच थबकतात. पुस्तक समोर असते, वेळही असतो, पण उघडण्याची इच्छा होत नाही. व्याख्याने चुकू लागतात, एक-दोन विषय राहतात, एटीकेटीचा अर्ज भरण्याची तारीख निघून जाते. घरी मात्र ‘सगळे ठीक आहे’ असेच सांगितले जाते.

अशा एका विद्यार्थ्याच्या बाबतीत आमच्या हातून चूक घडली. तिचा येथे उल्लेख करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. बारावी विज्ञान शाखेत उत्तम यश मिळविलेला हा विद्यार्थी दुसऱ्या वर्षी परीक्षेलाच बसला नाही. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला तो आला, तेव्हा आम्ही त्याला बाजूला घेऊन समजावले. समजावले म्हणजे काय, तर बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत, याची आठवण करून दिली. आई-वडिलांच्या कष्टांची आठवण करून दिली. समाजाच्या ऋणाची आठवण करून दिली. त्याने खाली मान घालून सर्व ऐकून घेतले, ‘जय भीम सर’ म्हणाला आणि निघून गेला. त्यानंतर दीड वर्ष तो आमच्याकडे फिरकला नाही. ज्याला एक तासही बसवत नव्हते, त्याच्यासमोर आम्ही अठरा तासांचा डोंगर उभा केला होता. त्याच्या मनातील अपराधाचे ओझे आम्ही आणखी वाढविले, हे आम्हांस पुष्कळ उशिरा उमगले.

मग आम्ही या प्रश्नाचा थोडा अभ्यास केला. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणेविषयी दीर्घकाळ संशोधन केले आहे. त्यांच्या मते माणसाची आंतरिक प्रेरणा टिकण्यास तीन गोष्टी लागतात : आपण हे स्वतःच्या निवडीने करीत आहोत ही जाणीव, हे आपल्याला जमते हा अनुभव आणि आपलेपणाने जोडलेली माणसे. आता आपल्या विद्यार्थ्याची परिस्थिती पाहा. शाखा बहुधा गुणांनी किंवा मोठ्यांनी निवडलेली असते. मराठी माध्यमातून आलेल्याला पहिल्याच दिवसापासून इंग्रजीतील व्याख्यान अर्धेमुर्धे कळते. आणि तीस-चाळीस मुलांच्या अभ्यासिकेतून उठून तो एका भाड्याच्या खोलीत येऊन पडलेला असतो. तिन्ही आधार एकाच वेळी सुटतात. त्यातच शिष्यवृत्तीचा किंवा स्वाधार योजनेचा हप्ता लांबला, की खानावळीच्या पैशांची चिंता! याला आळस म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हीही तेच केले होते.

आळसाचा विचार भगवान बुद्धांनी किती बारकाईने केला आहे, हे अंगुत्तर निकाय वाचताना लक्षात येते. त्यात ‘कुसीतवत्थु’ म्हणजे आळसाची आठ निमित्ते सांगितली आहेत. काम करायचे आहे म्हणून, थकवा येईल या भयाने, भिक्खू आधीच आडवा होतो. काम झाले म्हणून, थकलो म्हणत, आडवा होतो. प्रवासाला निघायचे आहे म्हणून आणि प्रवास करून आला म्हणूनही. भिक्षा कमी मिळाली तर अंगात त्राण नाही म्हणून. पोटभर मिळाली तर शरीर भिजल्या उडदांसारखे जड झाले म्हणून. थोडे आजारपण आले म्हणून आणि नुकताच आजारातून उठलो म्हणून. हे वाचताना स्वतःच्या विद्यार्थिदशेची आठवण होऊन हसू येणार नाही, असा वाचक विरळा! परंतु या उपदेशातील मर्म पुढे आहे. हीच आठ निमित्ते पुन्हा एकदा, उद्योगाची निमित्ते म्हणून, सांगितली आहेत. भिक्षा कमी मिळाली तर शरीर हलके आहे, आताच बसावे. आजार वाढू शकतो, त्याआधी थोडे करून घ्यावे. परिस्थिती तीच असते, तिच्याकडून काढलेला निष्कर्ष तेवढा बदलतो. उत्साह आधी यावा आणि मग अभ्यासास बसावे, अशी अट येथे कोठेही नाही.

त्याच निकायात महामोग्गल्लानांना ध्यानाच्या वेळी डुलक्या येत असल्याचा प्रसंग आहे. पुढे अग्रश्रावक म्हणून गौरविले गेलेले मोग्गल्लान पेंगत होते, ही गोष्टच आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे. तथागतांनी त्यांची निर्भर्त्सना केली नाही. उपाय सांगितले आणि तेही अगदी साधे : ज्या विचाराने सुस्ती येते तो बाजूला ठेवावा, ऐकलेले मनात घोळवावे, मोठ्याने म्हणावे, कान ओढावेत, हातपाय चोळावेत, उठून डोळ्यांना पाणी लावावे, आकाशातील तारे पाहावेत, मनात प्रकाशाची भावना करावी, येरझारा घालाव्यात. आणि इतके करूनही भागले नाही तर? तर उठण्याची वेळ मनाशी ठरवून उजव्या कुशीवर झोपावे. झोपेलाही या यादीत मानाचे स्थान आहे. रात्री दोनपर्यंत मोबाइल पाहणाऱ्यांनी याची विशेष नोंद घ्यावी.

आधुनिक संशोधनातील दोन गोष्टी याला पूरक वाटतात. कॅनडातील कार्लटन विद्यापीठात प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करण्यात आला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेपूर्वी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला क्षमा केली, त्यांनी पुढील परीक्षेपूर्वी चालढकल कमी केली. स्वतःला दोष देत राहिल्याने अभ्यास वाढतो, हा आपला समज त्यामुळे तपासून पाहावा लागतो. दुसरी गोष्ट अभ्यासाच्या पद्धतीची. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ मधील प्रयोगांत, तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिला. आपली मुले पाठ्यपुस्तक चार वेळा वाचतात, प्रश्नपत्रिका हाती आल्यावर काही आठवत नाही आणि ‘हे आपल्याला जमणार नाही’ असा ग्रह करून घेतात. म्हणून आम्ही आता एवढेच सांगतो : पंचवीस मिनिटे एक घटक वाचा, पुस्तक मिटा, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहा आणि मग राहिलेले पाहा. इंग्रजी अडत असेल तर ती संकल्पना आधी मराठी विश्वकोशात किंवा मुक्त विद्यापीठाच्या मराठी पुस्तकात वाचा, मग इंग्रजी पान उघडा. यात कमीपणा काहीही नाही.

बाबासाहेबांचे उदाहरण आम्ही सोडलेले नाही. मात्र त्यांच्या जीवनातील आता निराळा प्रसंग सांगतो. १९१६ मध्ये ते लंडनला गेले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन तो पूर्ण करण्याची परवानगी मात्र त्यांनी मिळविली होती. मध्यंतरी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन केले, पैसे जमविले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. ज्याचे वर्ष वाया गेले आहे, त्याला अठरा तासांपेक्षा ही मधली तीन वर्षे अधिक धीर देतात, असा आमचा अनुभव आहे.

पालकांना आमची एक विनंती आहे. फोनवर प्रथम ‘किती टक्के पडले’ असे न विचारता ‘जेवलास का, आज काय शिकवले’ असे विचारावे. मुलाने विषय राहिल्याचे सांगितले तर त्या दिवशी फक्त ऐकून घ्यावे. झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणे नकोसे वाटते असे शब्द येत असतील, तर तो अभ्यासाचा प्रश्न राहत नाही. तेथे डॉक्टरांचे साहाय्य लागते. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक घरात लिहून ठेवावा.

माजी विद्यार्थ्यांकडे मात्र आम्ही कामच मागणार आहोत. मुंबई, पुणे, औरंगाबाद, नागपूर येथे आपण स्थिरावला आहात. आपल्या शहरात आलेल्या वसतिगृहाच्या एका मुलाबरोबर किंवा मुलीबरोबर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ग्रंथालयात दोन तास बसावे. शिकवण्याची गरज नाही. स्वतःचे काम घेऊन बसले तरी चालेल. तिसरा आधार, म्हणजे माणसांचा, एवढ्यानेही परत मिळतो.

वर उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हेच घडले. त्याच शहरात नोकरी करणाऱ्या आपल्या एका माजी विद्यार्थिनीने त्याला शोधून काढले. ‘ताई, आता काही उपयोग नाही,’ असे तो म्हणाला. त्यावर ती, ‘बरं, पण रविवारी ये, मला एकटीला कंटाळा येतो,’ एवढेच बोलली. पहिले तीन रविवार त्याने वर्तमानपत्र वाचले. चौथ्या रविवारी तो वही घेऊन आला. मागील सत्रात राहिलेल्या चार विषयांपैकी दोन सुटले आहेत. उरलेल्या दोनांचा अर्ज त्याने या वेळी मुदतीपूर्वी आठ दिवस आधीच भरला, असे ताईंनी कळविले आहे.